नवतप्यात अंगण काय करतं?

मे महिन्याचे शेवटचे दिवस. यवतमाळात पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर, दुपारी बारानंतर गल्लीत चिटपाखरू नाही, आणि कुणी बाहेर निसटू नये म्हणून आजी दारातच बसलेली. २५ मेच्या सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात शिरतो आणि नवतपा सुरू होतो, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात कडक नऊ दिवस. अंगणात बघावं तर तुळशीनं मान टाकलेली, वाफ्यांत नुसती ढेकळं, कुंपणाशी रचून ठेवलेल्या तुराट्या आणि पऱ्हाट्या. कुणीही म्हणेल, बागेचं आता काय उरलंय, पाऊस पडला की बघू.

मला हे अजिबात पटत नाही. फुलबागेचं वर्ष याच दिवसांत ठरतं. आत्ता अंगणात जे कोरडं, काळं, मेलेलं दिसतंय त्यातलं बरंचसं चांगलं जिवंत आहे आणि कशाची तरी वाट बघतंय. कुणी पाण्याची, कुणी ओरखड्याची, कुणी दिवस आखूड होण्याची. कोण कशाची वाट बघतोय एवढं ओळखता आलं, की पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत तुमच्या अंगणात फुलं हटणार नाहीत. शिवाय तुमच्याकडे वेळ आहे. राज्यातल्या बाकीच्या शाळा जूनच्या मध्याला उघडतात. आपल्या विदर्भातल्या शाळांना या उन्हामुळे साधारण आठवडाभर जास्त सुट्टी. तेवढ्यात पुष्कळ काही होतं. काम मात्र सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळात आजीचं ऐकायचं.

चला, आधी जमिनीकडे बघू.

अंगणाच्या ज्या कोपऱ्यात, नाहीतर वावरात, काळी माती आहे तिथे आता भेगा पडल्या असतील. एक लांब तुराटी घ्या आणि भेगेत हळूच सोडा. हात घालायचा नाही बरं का, भेगांच्या गारव्यात विंचू बसलेले असतात! तुराटी टेकली की जमिनीच्या पातळीवर खूण करा, बाहेर काढा, मोजा. खोल काळीच्या जमिनीत ती अर्धा मीटर, कधी त्याहूनही जास्त आत जाते. एवढी खोल फट कुणी पाडली? कुणीच नाही. माती स्वतःच आकसली.

आपली ही माती ज्या काळ्या खडकापासून झाली तो बसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींच्या लाव्ह्याचा. खडक झिजत झिजत त्यातून जी चिकणमाती तयार झाली तिचा एकेक कण एका मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाहूनही बारीक, आणि त्या कणाच्या आत पुन्हा पातळ पातळ थर. पाऊस पडला की पाणी या थरांच्या मधे शिरतं, थर एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. उन्हाळ्यात ते पाणी उडून जातं, थर जवळ येतात, माती आकसते आणि फाटते. काळ्या मातीवर बांधलेल्या घरांच्या भिंतींना तडे का जातात, हेही तुम्हाला आता कळलं असेल. खालची जमीन दर वर्षी वर-खाली होते.

याच्या पुढची गोष्ट मला सगळ्यात आवडते. वाऱ्यानं, गुराढोरांच्या पायांनी वरचा भुसभुशीत मातीचा चुरा या भेगांत पडतो. कुजलेली पानंही पडतात. मग मृगाचा पाऊस येतो, खालची माती फुगू लागते, पण तिची जागा तर वरून पडलेल्या मातीनं अडवलेली! मग ती आजूबाजूला आणि वर रेटा देते. म्हणजे वरची माती खाली गेली आणि खालची वर सरकली. दर वर्षी थोडी थोडी, शेकडो वर्षं. काळी माती स्वतःच स्वतःची उलथापालथ करत असते, बैल नको की नांगर नको.

तुम्हाला हे घरात बघायचं असेल तर डब्याची दोन सारखी झाकणं घ्या. एकात नुसती काळी माती, दुसऱ्यात तीच माती निम्मी आणि निम्मी रेती. दोन्ही पाण्यात चांगली मळून काठोकाठ भरा आणि उन्हात ठेवा. नवतप्याचं ऊन आहे, दोन-तीन दिवसांत निकाल लागेल. काठापासून कोण किती सुटलं, कुणाला किती भेगा पडल्या, पट्टी लावून वहीत लिहा. आणि मग सांगा, नुसती काळी माती भरलेल्या कुंडीत गुलाबाची बारीक मुळं कशी टिकणार? माती आकसताना ती तुटतात आणि पावसाळ्यात पाणी तुंबून कुजतात. म्हणून कुंडी भरताना एक हिस्सा काळी माती, एक हिस्सा रेती किंवा बारीक मुरूम आणि एक हिस्सा चांगलं कुजलेलं शेणखत. शेणखत कुजलेलं आहे की नाही हे वासावरून ओळखायचं. शेणाचा वास येत असेल तर अजून थांबा.

वाफ्यात भेगा पडल्या असतील तर त्यांत आणि झाडांच्या आळ्यांत कडुनिंबाचा, आंब्याचा पालापाचोळा चार बोटं जाडीनं पसरा. हा कचरा जाळणारी माणसं बघितली की मला फार वाईट वाटतं. तो मातीवर राहिला तर ऊन थेट मातीला लागत नाही, पाणी टिकतं, आणि पावसात त्याचंच खत होतं.

पाणी. उन्हाळ्याच्या शेवटी यवतमाळात पाण्याची किंमत कुणाला सांगायला नको, म्हणून एक जुनी युक्ती सांगते. घरात गेल्या वर्षीचा छोटा माठ किंवा मडकं असेल, रंग न दिलेलं, तर मोगऱ्यापासून वीतभर अंतरावर गळ्यापर्यंत जमिनीत पुरा. पाणी भरा, वर झाकण ठेवा. माठाच्या भिंतीत डोळ्यांना न दिसणारी असंख्य छिद्रं असतात. स्वयंपाकघरात ठेवलेल्या माठाचं पाणी त्यांतून पाझरून हवेत उडतं आणि आतलं पाणी गार होतं. जमिनीत पुरलेल्या माठाचं पाणी हवेऐवजी कोरडी माती ओढून घेते. माती जितकी कोरडी तितकी ती जास्त ओढते; ओली झाली की ओढणं मंदावतं. झाडाला किती पाणी हवं याचा हिशेब तुम्हाला करावाच लागत नाही. महिन्याभरानं बाजूची माती जरा उकरून बघा, मोगऱ्याची मुळं माठाकडे निघालेली दिसतील.

मोगरा तर आत्ता भरात आहे. दिवसभर घट्ट मिटलेल्या कळ्या संध्याकाळी उमलतात आणि अंधारात वास सोडतात, कारण त्याला बोलवायचे आहेत रात्री उडणारे पतंग. त्यांच्यासाठी रंग काय कामाचा? पांढरेपणा आणि वास पुरतो. एक बहर संपला की टोकं थोडी छाटा. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटीवर येतात, त्यामुळे छाटलेल्या झाडाला लवकरच पुन्हा कळ्या धरतात.

अंगणातल्या कुंड्यांबद्दल अजून एक गोष्ट, आणि ती आकाशातली आहे. २२-२३ मेच्या आसपास यवतमाळात दुपारी सव्वाबाराच्या सुमाराला सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली काठीच्या पायातच मावते. याला शून्य सावलीचा दिवस म्हणतात आणि जुलैत तो पुन्हा एकदा येतो. या दोन दिवसांच्या मधल्या काळात भर दुपारी सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, आणि उगवतो-मावळतो तोही बराच उत्तरेकडे सरकून. म्हणून हिवाळ्यात जी उत्तरेची भिंत दिवसभर सावलीत होती, तिच्यावर आता सकाळ-संध्याकाळ ऊन पडतं. तिथे ठेवलेल्या सावलीच्या झाडांची पानं एकाएकी करपली तर कीड शोधत बसू नका. कुंडी हलवा.

आता वाट बघणाऱ्यांकडे वळू.

रस्त्याच्या कडेला बहावा फुललाय का? पिवळेजर्द घोस लोंबताना दिसतील आणि त्यांच्याच शेजारी काळ्या, लांब, दंडगोल शेंगा. त्या गेल्या वर्षीच्या फुलांच्या. शेंगा पिकायला जवळजवळ वर्ष घेतात. खाली पडलेली एक शेंग फोडा. आत आडव्या पडद्यांचे कप्पे, कप्प्यांत चिकट काळा गर आणि एकेक तपकिरी, चकचकीत बी. गर चाटून बघू नका, पोट बिघडेल! गुलमोहराची लाकडी शेंगही आणा. जमली तर गोकर्णाचीही.

या तिन्ही बिया सरळ मातीत पेरल्या तर बहुतेक काहीच होत नाही. आठवडे जातात, बी तसंच. कारण बियांच्या कवचातून पाणी आत शिरतच नाही. बी कुलूप लावून बसलेलं असतं. त्यात शहाणपण बघा किती आहे. आपल्याकडे मार्च-एप्रिलमध्ये अवकाळी पाऊस पडतो. त्या एका सरीला भुलून बी रुजलं, तर पुढच्या दोन महिन्यांच्या उन्हात रोप जळून जाईल. कवच हळूहळू झिजतं, उन्हानं, पावसानं, वाहत्या पाण्यातल्या वाळूनं. सगळ्या बियांचं एकाच वर्षी झिजत नाही, त्यामुळे एखादं वर्ष कोरडं गेलं तरी पुढच्या वर्षासाठी बिया शिल्लक राहतात.

ते कुलूप तुम्ही उघडू शकता. दहा बिया तशाच ठेवा. दुसऱ्या दहांची एक बाजू खडबडीत दगडावर घासा, आतला फिकट रंग जेमतेम दिसेपर्यंत. बीला ज्या टोकाला बारीकसा डाग असतो ते टोक घासू नका, कोवळं मूळ तिथूनच निघतं. आता दोन्ही गट रात्रभर वेगवेगळ्या वाट्यांत पाण्यात भिजवा. सकाळी काय दिसतं? घासलेल्या बिया टम्म फुगलेल्या, न घासलेल्या होत्या तेवढ्याच. फुगलेल्या बिया जुन्या दुधाच्या पिशव्यांत माती-शेणखत भरून लावा. पिशवीला खाली भोकं हवीत.

गोकर्णाला चढायला आधार लागतो, आणि आपल्याकडे तो फुकट आहे. तुराट्या! पाच-सहा तुराट्या जमिनीत गोल खोचून वर सुतळीनं बांधा. पावसाळ्यात निळी फुलं आली की दोन-तीन फुलं कोमट पाण्यात चुरगळा आणि त्या निळ्या पाण्यात लिंबाचे थेंब टाका. रंगाचं काय होतं ते मी सांगणार नाही.

कुंपणाच्या कडेला बोगनवेल असेलच. सगळी बाग माना टाकत असताना ही मात्र गुलाबी होऊन उभी. तिला पाणी कमी मिळालं की फुलं जास्त येतात. फार पाणी दिलंत तर नुसती पानं. पण आपण जिला फूल म्हणतो ते गुलाबी कागदी काय आहे, बघितलंत? तीन रंगीत पानं आहेत ती. खरं फूल म्हणजे त्यांच्या मधली बारीक पांढरट नळी. आणि तुमच्या अंगणात या बोगनवेलीची एक बहीण आहे, गुलबक्षी. एकाच कुळातल्या या दोघी. दोघींनाही खऱ्या पाकळ्या नाहीत, आणि दोघींचे गुलाबी-जांभळे रंग बिटाच्या लाल रंगाच्या जातीचे. जास्वंदीचा नाहीतर गोकर्णाचा रंग अगदी वेगळ्या रसायनाचा असतो.

गुलबक्षीचं झाड आत्ता दिसत नसेल तर ते गेलं असं समजू नका. जमिनीत तिचा जाड गड्डा दबा धरून आहे. पहिल्या पावसात तिथूनच फूट येईल. काळ्या सुरकुतलेल्या बिया गेल्या वर्षी वेचून ठेवल्या असतील तर त्याही मृगात पेरा. (बिया आणि गड्डा दोन्ही विषारी आहेत. पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्या तर त्याहून घातक. खेळ झाला की हात धुवा, धाकट्या भावंडांच्या हाती देऊ नका.) ही फुलं दुपार उतरल्यावर उमलतात आणि सकाळी मिटतात. कार्ल कोरेन्स नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं याच झाडावर प्रयोग करून आई-बाबांचे गुण पिल्लांत कसे उतरतात ते शोधलं. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला तर पिल्लं गुलाबी. त्या गुलाबींच्या पिल्लांत पुन्हा लाल, गुलाबी, पांढरी, तिन्ही! १९०९ मध्ये त्यानं आणखी एक गोष्ट दाखवली. पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांची पानं असलेल्या गुलबक्षीत पानांचा रंग पिल्लांना फक्त आईकडून मिळतो, बाबांचं तिथे काही चालत नाही. शाळेजवळच्या भिंतीशी उगवणारं साधं झाड हे.

पावसाळी लिलीचे कांदे कुंडीत असतील तर दोन कुंड्या करा. एकीला रोज थोडं पाणी, दुसरी सुकी राहू दे, थेट पावसापर्यंत. पहिल्या दमदार सरीनंतर कुठली आधी फुलते ते बघा. मला उत्तर माहीत आहे, पण तुमच्या वहीतलं उत्तर मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता सगळ्यात मोठा प्रकल्प, दसऱ्याचा झेंडू. त्याची तयारी मे महिन्यात? होय, कारण झेंडूच्या बाबतीत कॅलेंडर उलटं वाचावं लागतं.

झेंडूचं एक वाळलेलं फूल हातात घ्या आणि मोडा. आत काड्याच काड्या, निम्म्या काळ्या, निम्म्या पांढरट. ही एकेक काडी म्हणजे एकेक बी, आणि एकेक बी म्हणजे एकेक फूल. आपण ज्याला झेंडूचं एक फूल म्हणतो तो बारीक फुलांचा अख्खा गुच्छ असतो. बाहेरची प्रत्येक 'पाकळी' हे स्वतंत्र फूल. बिया घ्यायच्या त्या झाडावरच वाळलेल्या फुलांच्या. दारावर गेल्या दसऱ्याचं तोरण अजून लटकत असेल तर त्यातल्या काड्या बहुधा पोकळ निघतील, कारण ती फुलं ताजी खुडलेली होती. काडीचं काळं टोक बोटांत धरून दाबा. टणक आणि भरीव असेल तर ठेवा, चपटं असेल तर टाकून द्या.

उंच झेंडूला पेरल्यापासून फुलायला दोन ते अडीच महिने लागतात. मधे शेंडा खुडला तर आणखी आठ-दहा दिवस. म्हणून दसऱ्याच्या तारखेपासून अडीच-तीन महिने मागे मोजा आणि त्या दिवशी कॅलेंडरवर गोल करा. जुलैत कुठेतरी येईल. त्याआधी ७ जूनला मृग लागल्यावर चांगला पाऊस झाला की पहिली पेरणी करा, ती पोळा-गणपतीच्या सुमाराला फुलू लागेल. दुसरी गोल केलेल्या तारखेला. तेरड्याच्या बियाही मृगातच टाका, महालक्ष्म्यांपर्यंत तो रंगांनी भरलेला असेल. त्याच्या पिकलेल्या शेंगेला बोट लावून बघा, एवढंच सांगते.

झेंडूची रोपं वीतभर होऊन वाफ्यात रुजली की शेंडा खुडायचा. हे करताना जिवावर येतं, मला कळतं. पण शेंड्यातून एक रस खाली उतरत असतो, ऑक्सिन नावाचा. त्याच्यामुळे पानांच्या बगलेतले डोळे झोपून राहतात. शेंडा गेला की रस थांबला, डोळे जागे झाले, आणि एका दांडीच्या जागी चार-सहा फांद्या. प्रत्येकीवर फुलं.

दुसऱ्या पेरणीला एक गुपित मदत करतं. यवतमाळात २१ जूनला दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा असतो, ऑक्टोबरच्या सुरुवातीला तो बारा तासांवर येतो. उंच झेंडूला हे कळतं. पानांनी रात्रीची लांबी मोजून तो ठरवतो की आता कळ्या धरायच्या. झेंडू मूळचा मेक्सिकोकडचा. तिथेही नोव्हेंबरच्या आरंभी, पूर्वजांची आठवण काढायच्या सणाला, घराघरांत याच केशरी फुलांच्या आराशी असतात. दिवस आखूड होत जाताना फुलणारं फूल, दोन्ही देशांत सणाच्या वेळेला हजर.

शेवटचं फूल अंगणातलं नाही, वावरातलं आहे. जास्वंदीचं फूल नीट बघून ठेवा. मधोमध एक दांडी आणि तिच्यावर चिकटलेले पुंकेसर. आता ऑगस्टमध्ये कपाशी फुलेल तेव्हा तिच्या फुलात बघा. तीच दांडी! भेंडीत बघा, अंबाडीत बघा. सगळी एकाच कुळातली. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात राहून कपाशीचं फूल कधी निरखून न बघितलेली मुलं मला भेटतात, तेव्हा मला फार हळहळ वाटते. आपल्याकडच्या बहुतेक वावरांत असलेल्या संकरित कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा दुधी-पांढरं असतं. परागांचं काम पहिल्याच दिवशी आटोपतं आणि दुसऱ्या दिवशी तेच फूल गुलाबी झालेलं असतं, मग गळून पडतं. म्हणून एकाच झाडावर दोन रंगांची फुलं दिसतात, आजची आणि कालची. घरच्यांना विचारून एका पांढऱ्या फुलाच्या देठाला रंगीत दोरा सैलसर बांधा आणि तारीख लिहा. दुसऱ्या सकाळी रंग लिहा. फूल गळाल्यावर त्या जागी बोंड धरेल. ते फुटून कापूस दिसायला साधारण दीड ते दोन महिने लागतात. दोरा तोवर तसाच राहू द्या आणि ज्या दिवशी बोंड फुटेल ती तारीख त्याच पानावर लिहा.